चालत्या पाटीला हुकूम कसा द्यावा?

वारज्यात महामार्गालगतच्या सेवा रस्त्याने संध्याकाळी माळवाडीकडे निघाले, तर दर चार-सहा दुकानांमागे एका दुकानावर लाल दिव्यांची चालती पाटी दिसते. औषधांची दुकाने, मोबाइलवाले, चिकन सेंटर, रेडिमेड कपडे, दाताचे दवाखाने, सगळ्यांनी ती लावली आहे. १९९७ साली हे गाव पुणे महापालिकेत आले, तेव्हा येथे रंगाऱ्याने पत्र्यावर हाताने लिहिलेल्या पाट्या होत्या. आता रंगारी गेला आणि पाटी चालू लागली. परंतु या पाट्या थोडा वेळ उभे राहून वाचल्या, तर निम्म्या पाट्या शिळ्या निघतात. ईद होऊन तीन महिने झाले तरी 'ईद मुबारक' चालूच असते, संपलेल्या सेलची घोषणा चालूच असते. मालकाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते, "पाटीवाला यायचा आहे. तो आला की बदलून देईल."

म्हणजे पाटी आपली, वीज आपली, दुकानाचे नाव आपले, पण तिच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या हाती. पाटीवाला एका वाक्याच्या बदलासाठी पैसे घेतो याबद्दल तक्रार नाही, त्याचा तो धंदा आहे. परंतु हे काम असे आहे की ज्याला मोबाइल चालवता येतो आणि हिशेबाची वही ठेवता येते, त्याला ते शिकता येते. आपल्या वस्तीतील जी मुले आयटीआय करून वायरिंगची किंवा टीव्ही-मोबाइल दुरुस्तीची कामे करतात, त्यांच्यासाठी तर यात रोजीचे एक नवे साधन आहे. म्हणून या पाटीला बाहेरून मजकूर कसा पाठवतात, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना समजेल अशा भाषेत येथे सांगत आहे.

प्रथम पाटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या बाजारात सर्वाधिक दिसणारी पाटी पी-१० नावाच्या तुकड्यांची बनलेली असते. एक तुकडा ३२० मिलिमीटर लांब व १६० मिलिमीटर उंच असतो. त्यात आडवे ३२ आणि उभे १६, म्हणजे एकूण ५१२ दिवे असतात. दोन दिव्यांमधले अंतर १० मिलिमीटर, म्हणून नाव पी-१०. असे चार तुकडे शेजारी शेजारी लावले की सव्वाचार फुटांच्या आसपास लांबीची पाटी होते. हे तुकडे ५ व्होल्टवर चालतात. मागे एक लहान कार्ड असते, तेच पाटीचे डोके. कोणता दिवा लावायचा आणि कोणता विझवायचा हे ते कार्ड ठरवते. आपल्याला बोलायचे आहे ते या कार्डाशी.

कार्डाशी बोलण्याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सिरियल तार. सिरियल म्हणजे एकामागे एक. आपण लिहिलेले प्रत्येक अक्षर आठ खुणांत मोडले जाते, प्रत्येक खूण म्हणजे 'आहे' किंवा 'नाही', आणि या खुणा एका तारेतून एकामागून एक रांगेने जातात. तारायंत्राचेच हे नातवंड समजा. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिची रीत या तारेत जिवंत आहे. वेग मोजण्याचे 'बॉड' हे मापसुद्धा एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञाच्या नावावरून आले आहे. पाट्यांमध्ये ९६०० बॉड हा वेग नेहमी आढळतो. एका अक्षराला आठ खुणा, त्याआधी एक सुरुवातीची आणि शेवटी एक थांबण्याची, अशा दहा खुणा लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. शंभर अक्षरांची जाहिरात पापणी लवण्याच्या आत पोचते. जुन्या पाट्या १२०० वरही चालतात, तेव्हा तोच मजकूर सेकंदाच्या आत-बाहेर जातो. तेवढ्याने कोणाचे गिऱ्हाईक परत जात नाही.

एक गोष्ट मात्र पक्की हवी. पाठवणाऱ्याचा वेग आणि घेणाऱ्याचा वेग एकच असला पाहिजे. खुणांची मांडणीही एकच हवी. बहुतेक ठिकाणी ती 'आठ खुणा, ताळा नाही, एक थांबा' अशी असते, काही जुन्या पाट्यांत सात खुणा आणि सम ताळा असतो. यात फरक पडला की पाटीवर कचरा उमटतो किंवा काहीच उमटत नाही, आणि पाटी बिघडली असे समजून माणूस ती उचलून दुरुस्तीला नेतो.

गठाणीवरचा मार्का

आता हुकमाची रचना. आम्ही कापडवाले इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावहून माल मागवतो, तेव्हा नुसते कापड ट्रकात टाकून कोणी पाठवत नाही. गठाण बांधली जाते, तिच्यावर मार्का व नंबर घातला जातो, कोणाच्या नावे आहे ते लिहिले जाते, आत काय आहे याची बिल्टी असते, आणि शेवटी शिवण मारून गठाण बंद होते. पाटीला जाणारा हुकूम अगदी असाच बांधलेला असतो. नुसती इबारत पाठवली, तर पाटी ती घेत नाही, कारण माल कोणाचा आणि त्याचे करायचे काय हे तिला कळत नाही.

उदाहरणासाठी अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या अॅडॅप्टिव्ह मायक्रो सिस्टिम्स या कंपनीची 'अल्फा' पद्धत घेऊ. 'बीटा ब्राइट' नावाच्या पाट्या याच पद्धतीवर चालतात. आपल्या बाजारातील पाट्या बहुधा दुसऱ्या बनावटीच्या असतात आणि त्यांचे हुकूम वेगळे असतात. तरीही हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, या कंपनीने आपल्या हुकमांची संपूर्ण पुस्तिका छापून सर्वांसाठी खुली ठेवली. एक पद्धत नीट समजली की दुसरी समजायला वेळ लागत नाही.

हुकमाच्या अगदी सुरुवातीला पाच कोरी अक्षरे जातात, ज्यांची किंमत शून्य. ही दारावरची टकटक. या टकटकीवरून पाटी समोरच्याचा वेग ओळखते. त्यानंतर १ किमतीचे अक्षर, म्हणजे 'आता पत्ता येत आहे'. मग पाटीचा प्रकार आणि पत्ता. इंग्रजी मोठे 'झेड' म्हणजे कोणत्याही प्रकारची पाटी, आणि '००' म्हणजे तारेवरील सर्व पाट्या. नंतर २ किमतीचे अक्षर, म्हणजे 'पत्ता संपला, माल सुरू'. मग हुकमाचे अक्षर. इंग्रजी मोठे 'ए' म्हणजे मजकूर लिहून घे. त्यापुढे कोणत्या फायलीत लिहायचे तिचे नाव, समजा तेही 'ए'च. नंतर २७ किमतीचे अक्षर येते आणि त्याच्यामागे दोन खुणा, मजकूर कोणत्या ओळीत दाखवायचा आणि कसा दाखवायचा. एका ओळीच्या पाटीला पहिल्या खुणेच्या जागी नुसती मोकळी जागा चालते. दुसरी खूण लहान 'ए' असेल तर मजकूर सरकत जातो, लहान 'बी' असेल तर स्थिर राहतो, लहान 'सी' असेल तर लुकलुकतो. यानंतर आपली इबारत. आणि शेवटी ४ किमतीचे अक्षर, म्हणजे 'हुकूम संपला'. ही गठाणीची शिवण.

ही १, २, ४, २७ किमतीची अक्षरे कळफलकावर दिसत नाहीत, म्हणून नवीन माणूस येथे अडखळतो. १ हा आकडा टाइप करणे आणि १ किमतीचे अक्षर पाठवणे यांत जमीन-अस्मानाचा फर्क आहे. आकडा '१' जो आपण इंग्रजीत टाइप करतो, त्याची किंमत यंत्राच्या लेखी ४९ असते. शंभरातले नव्वद जण येथेच चुकतात आणि पाटीला दोष देतात.

याच पद्धतीत दोन सोयी अशा आहेत की दुकानदाराने त्या जरूर समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे तातडीची फाईल. फायलीच्या नावाच्या जागी 'शून्य' हा आकडा टाकून मजकूर पाठवला, की पाटी बाकीचे सर्व बाजूला ठेवून तेवढेच दाखवते. शुक्रवारी जुम्याच्या वेळी 'नमाजसाठी दुकान बंद, अडीच वाजता उघडेल' एवढी इबारत तातडीच्या फायलीत पाठवावी. परत आल्यावर तोच हुकूम मजकुराविना रिकामा पाठवावा, की पाटी आपल्या नेहमीच्या जाहिरातीवर परत येते. मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही.

दुसरी सोय भावाच्या खणाची. चिकनचा भाव रोज बदलतो, सोन्याचा दिवसातून दोनदा बदलतो. दर वेळी पूर्ण जाहिरात नव्याने पाठवली, तर पाटी क्षणभर काळी होते. त्याऐवजी मुख्य मजकुरात भावाच्या जागी १६ किमतीचे अक्षर आणि एका खणाचे नाव ठेवायचे, आणि भाव तेवढा 'जी' या हुकमाने त्या खणात पाठवायचा. पाटी न थांबता नवा भाव दाखवू लागते. खणात १२५ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो. मात्र हे खण आधी पाटीच्या स्मरणात आखून घ्यावे लागतात आणि तो आखणीचा हुकूम दिला की पाटीतील जुने सर्व पुसले जाते. म्हणून ते काम एकदाच, दुकान उघडण्याआधी करावे.

तार, कळ आणि संगणक

संगणकाच्या मागे नऊ टाचण्यांचा सिरियल पोर्ट पूर्वी असे. त्यातील क्रमांक २ घेण्याची, ३ देण्याची आणि ५ जमिनीची तार. पाटीला मजकूर पाठवण्यास ३ आणि ५ एवढ्या दोनच पुरतात. आता नवीन संगणकांना हा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीपासून सिरियल करणारी जोडतार घ्यावी लागते. ती घेताना अगदी स्वस्ताच्या मागे लागू नये. नामांकित चिपची नक्कल असलेल्या जोडतारा बाजारात खूप आहेत, आणि विंडोज अद्ययावत झाले की चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्यांना नाकारतो. काल चालणारी पाटी आज बंद का पडली, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

सिरियलचेही प्रकार आहेत. आरएस-२३२ ही जुनी पद्धत, तिच्यात तार पन्नास फुटांच्या आसपासच ठेवावी. गल्ला आत आणि पाटी तिसऱ्या मजल्यावर असेल, किंवा एकाच तारेवर अनेक पाट्या असतील, तर आरएस-४८५ घ्यावी. तिच्यात दोन तारांमधील फरक मोजला जातो, म्हणून बाहेरच्या विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. ती १२०० मीटरपर्यंत जाते आणि साध्या मांडणीत ३२ यंत्रे एका जोडीवर बसतात. रेल्वे फलाटावर डब्यांचे क्रमांक दाखवणाऱ्या पाट्यांची जी रांग असते, ती याच रीतीने एका जोडीवर बांधलेली असते. प्रत्येक पाटीला आपला पत्ता असतो आणि आपल्या पत्त्याचा हुकूम असेल तेवढाच ती उचलते. तिसरा प्रकार टीटीएल म्हणतात तो, कार्डावर उघड्या टाचण्या असतात आणि ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतो. त्याला संगणकाची आरएस-२३२ तार सरळ जोडली, तर कार्ड जळते. मध्ये रूपांतर करणारी लहान पट्टी हवी.

भंगार, सिमेंट-वाळू किंवा धान्याच्या व्यापारातील बंधूंनी वजनकाट्यावर ही पद्धत रोज पाहिलेली आहे. काट्याच्या केबिनमध्ये एक लहान यंत्र आणि बाहेर ट्रकवाल्याला दिसेल असा मोठा आकडा. तो मोठा आकडा स्वतः काही तोलत नाही. आतले यंत्र सिरियल तारेने सतत मजकूर पाठवते आणि बाहेरची पाटी तो मुकाट्याने दाखवते. आत एक आणि बाहेर दुसरे वजन दिसू लागले, तर काटा खराब आहे असे लगेच म्हणू नये, आधी तार तपासावी. मात्र तपासेपर्यंत व्यवहार थांबवावा, हेही तितकेच खरे.

जमिनीच्या तारेविषयी एक सावधगिरी. संगणक इन्व्हर्टरवर आणि पाटी रस्त्याकडील वेगळ्या लाइनीवर असेल आणि अर्थिंग नीट नसेल, तर दोन्हींच्या जमिनीत फरक पडतो आणि तो फरक आपल्या बारीक तारेतून वाहतो. पावसाळ्यात वीज कडाडली की संगणकाचा पोर्ट आणि पाटीचे कार्ड दोन्ही जातात. मध्ये प्रकाशाने जोडणारा, म्हणजे विजेने न जोडणारा, आयसोलेटर बसवून घ्यावा. जळालेल्या कार्डापेक्षा तो स्वस्त पडतो.

संगणकावर पूर्वी हायपर टर्मिनल नावाचे साधन विंडोजसोबत येई, विस्टापासून ते गेले. आता पुट्टी, टेरा टर्म, रिअलटर्म अशी फुकट साधने मिळतात. रिअलटर्ममध्ये न दिसणारी अक्षरे त्यांच्या किमतीने पाठवता येतात, म्हणून शिकण्यास ते बरे. परंतु दुकानात रोजच्या वापरासाठी माझे मत वेगळे आहे. जाणकार मुलाकडून एकदाच दहा-बारा तयार फायली करून घ्याव्यात. 'दुकान सुरू', 'जुमा', 'शाळेचे गणवेश', 'ईद', 'दिवाळी', 'आज बंद'. प्रत्येक फायलीत पूर्ण बांधलेला हुकूम असावा. विंडोजमध्ये 'मोड' या आज्ञेने पोर्टचा वेग ठरवता येतो आणि 'कॉपी' या आज्ञेने फाईल जशीच्या तशी पोर्टावर टाकता येते. या दोन ओळींची कळ बनवून पडद्यावर ठेवली, की गल्ल्यावरचा नोकरसुद्धा दोन टिचक्यांत पाटी बदलतो. पाठवल्यावर बाहेर जाऊन पाटी वाचावी. साध्या तारेवर पाटी 'मिळाले' असे उत्तर देत नाही.

मराठी आणि उर्दू

आतापर्यंत सांगितले ते इंग्रजी मजकुराला लागू आहे. आपल्या लिपीचा मसला निराळा आहे. आस्की नावाच्या ज्या अमेरिकी कोष्टकावर या पाट्या चालतात, ते १९६३ सालचे आहे आणि त्यात १२८ जागा आहेत. देवनागरीला त्यात स्थान नाही. आपल्या पुण्यातील सी-डॅक संस्थेच्या जिस्ट विभागाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले. त्यात वरच्या जागा आपल्या लिप्यांना दिल्या गेल्या. आज सर्वत्र युनिकोड आहे आणि त्यात देवनागरीच्या एका चिन्हाला पाठवताना तीन जागा लागतात. 'कापड' हा शब्द घ्या. क, काना, प, ड अशी चार चिन्हे, म्हणजे बारा जागा. इंग्रजीच जाणणाऱ्या पाटीला हा शब्द सरळ पाठवला, तर ती बारा विचित्र खुणा दाखवील किंवा गप्प बसेल.

यावर उपाय म्हणजे अक्षर न पाठवता अक्षराचे चित्र पाठवणे. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मागवाल्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. जॅकार्डची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात, जेथे रंग भरला तेथे धागा उचलायचा, जेथे कोरे तेथे सोडायचा, आणि त्याप्रमाणे पत्त्याला भोके पाडतात. पाटीवरील मराठी अक्षर ही अशीच सोळा ओळींची नक्षी आहे. चौकट भरली तर दिवा लागतो, कोरी तर विझतो. चाळीस अक्षरांची जाहिरात, प्रत्येक अक्षर बारा चौकटी रुंद धरले, तर ४८० उभ्या रांगा झाल्या. प्रत्येक रांगेत सोळा दिवे, म्हणजे दोन जागा. एकूण ९६० जागा. ९६०० च्या वेगाने बरोबर एका सेकंदात मजकूर पोचतो. मोबाइलवरून चालणारी आजची कार्डे हेच करतात, फोन मराठीचे चित्र बनवतो आणि चित्र पाठवतो. 'अल्फा' पद्धतीतही चित्र पाठवण्याचा वेगळा हुकूम आहे.

सोळा ओळींत देवनागरी बसवणे हे कसबाचे काम आहे. वरच्या मात्रेला तीन-चार ओळी, शिरोरेषेला एक, अक्षराच्या अंगाला आठ आणि खालच्या उकाराला तीन, असा हिसाब ठेवावा लागतो. अनुस्वाराचा टिंब एका दिव्याचा ठेवला तर दुरून दिसतच नाही, तो चार दिव्यांचा करावा. जोडाक्षरे दाट असतील तर शब्दच बदलावा. 'उत्कृष्ट वस्त्रप्रावरणे' हे पाटीवर लाल गोळा होऊन जाते, त्यापेक्षा 'चांगले कापड' रस्त्यापलीकडून वाचता येते.

उर्दूसाठी आणखी दोन गोष्टी. नस्तालीक हे तिरके उतरणारे खत आहे, सोळा ओळींत ते मरते. पाटीला नस्खच घ्यावे. आणि चाल उलटी हवी. इंग्रजी व मराठी मजकूर उजवीकडून शिरून डावीकडे जातो, म्हणजे वाक्याचे पहिले अक्षर प्रथम दिसते. उर्दू मजकुराला त्याच चालीने सोडले तर वाक्याची शेपटी आधी येते आणि डोके शेवटी. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना अशी पाटी पाहून हसावे की रडावे कळत नाही. मजकूर डावीकडून शिरून उजवीकडे गेला पाहिजे. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच वाचतात, त्यांना उलटू नये. दोन-अडीचशे रुपयांची किंमत उलटली तर भांडण व्हायचे.

येथे कायद्याचीही आठवण ठेवावी. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी नामफलक सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. इतर लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी असू नयेत असा नियम आहे. चालत्या पाटीवर मध्येच एकदा मराठी नाव येते म्हणून नामफलक झाला, असे समजून स्वस्थ राहू नये. ठळक, स्थिर मराठी नामफलक वेगळा असावाच. बाहेर डोकावणारी प्रकाशाची पाटी लावायची, तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे आधी विचारून घ्यावे.

मस्जिदीतील पाटी

आता अनेक मस्जिदींत नमाजच्या वेळा दाखवणारी पाटी असते, आणि रमजानमध्ये सहर व इफ्तारची वेळ तीवर येते. हे काम कापडाच्या भावापेक्षा नाजूक आहे, कारण एक-दोन मिनिटांच्या फरकाने माणसाच्या रोज्याचा प्रश्न येतो. पाटीतील साधे घड्याळ एका स्फटिकावर चालते. त्यात दर दहा लाखास वीस एवढा फरक धरला, तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद होतात. शाबानमध्ये लावलेले घड्याळ रमजान संपेपर्यंत दीड-पावणेदोन मिनिटे पुढे-मागे गेलेले असू शकते. तापमानाचा फरक भरून काढणारी चांगली घड्याळ-चिप घेतली तर वर्षाला एखाद्या मिनिटाचाच फरक पडतो. पाटी घेताना विश्वस्तांनी हे विचारून घ्यावे. नाहीतर दर आठवड्याला तारेने वेळ पाठवावी. 'अल्फा' पद्धतीत वेळेच्या हुकमात तास आणि मिनिटे एवढेच जातात, सेकंद नाहीत. म्हणून मिनिट पालटते त्याच क्षणी हुकूम सोडावा.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. बाजारातील तयार पाटीत पुष्कळदा मुंबईचे वेळापत्रक भरलेले असते. पुणे मुंबईच्या पूर्वेला सुमारे एक अंश आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणजे आपल्याकडे पहाट आणि सूर्यास्त मुंबईच्या सुमारे चार मिनिटे आधी होतात. इफ्तारला चार मिनिटे उशीर झाला तर फक्त भूक थोडी लांबते, पण मुंबईच्या वेळेने सहर संपवली तर पुण्यात पहाट होऊन गेल्यावरही माणूस खात बसेल. पाटी बसवणाऱ्याला 'पुण्याचे' असे तोंडी सांगून भागत नाही. शहराच्या छापील वेळापत्रकाशी पाच-सहा तारखा ताडून पाहाव्यात, मगच पाटी भिंतीवर चढवावी.

किल्ली कोणाकडे?

सर्वांत महत्त्वाचा भाग हा. 'अल्फा'सारख्या जुन्या पद्धतींत परवलीचा शब्दच नाही. जो तार धरील तो मालक. तरीही तारेत एक संरक्षण आहे, तिला हात लावल्याशिवाय कोणाला काही करता येत नाही. डबा कुलूपबंद ठेवला आणि तारेचे टोक गल्ल्याच्या आत ठेवले की काम झाले. वायफाय आणि ब्लूटूथच्या कार्डांचे तसे नाही. ती कारखान्यातून एकाच ठरावीक पासवर्डाने येतात, ब्लूटूथच्या पट्ट्यांना तर १२३४ किंवा तसलेच काही असते. बसवणारा तो बदलत नाही आणि मालकाला ठाऊक नसतो. मग समोरच्या फूटपाथवर उभा राहून कोणीही आपल्या पाटीवर काहीही लिहू शकतो.

मार्च २०२३ मध्ये पाटणा जंक्शनच्या फलाटांवरील जाहिरातींच्या पडद्यांवर अश्लील चित्रफीत काही मिनिटे चालली. रेल्वेने ठेकेदाराचा करार रद्द केला, गुन्हा नोंदवला गेला. ते रेल्वेचे पडदे होते. आपल्या दुकानावर किंवा मस्जिदीवर रात्री कोणी भलती-सलती घोषणा चालवली, तर सकाळपर्यंत तिचे फोटो गावभर फिरतील, आणि 'मी ती लिहिली नाही' हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्या डोक्यावर येईल. आजच्या वातावरणात ही काळजी अवाजवी नाही. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, तो बसवणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या वहीत असावा, रात्री दुकान बंद करताना पाटीचा पुरवठा तोडावा, आणि कोणी छेडछाड केलीच तर आधी पाटीचे चित्रण करून, मग वीज बंद करून, त्याच वेळी पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी.

शिळ्या मजकुराचाही जबाब मालकालाच द्यावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची जी व्याख्या आहे, तीत प्रकाशाच्या साहाय्याने केलेली प्रसिद्धीही येते. सेल संपला तरी पाटी '५० टक्के सूट' म्हणत राहिली, तर ती फसवी जाहिरात ठरू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या पाटीवर विश्वास ठेवून गिऱ्हाईक आत येते आणि भाव ऐकून परत जाते, ते पुन्हा येत नाही.

पाटी विकत घेताना पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. कार्ड कोणत्या बनावटीचे आहे, सिरियल पोर्ट आहे काय आणि असल्यास २३२, ४८५ की टीटीएल, वेग किती, हुकमांची पुस्तिका मिळेल काय, मराठीचे चित्र पाठवता येते काय, पासवर्ड कोणता. पुस्तिका देत नसेल, तर तो पाटी नव्हे, आपली गरज विकतो आहे असे समजून दुसऱ्या दुकानात जावे. जी मुले हे काम शिकू इच्छितात, त्यांनी एक पी-१० तुकडा, एक कार्ड, एक जोडतार आणि ५ व्होल्टचा पुरवठा एवढ्यावर घरच्या टेबलावर सुरुवात करावी. पहिला मजकूर चार अक्षरांचाच ठेवावा आणि तो उमटेपर्यंत दुसरे काही जोडू नये.